जामा मशिदीच्या पायऱ्या चढताना

सुट्टीत दिल्लीला गेलात की लाल किल्ला तुम्ही बघणारच. तिथून जवळच, एका उंचवट्यावर, जामा मशीद उभी आहे. तिचे तीन घुमट लांबूनच दिसतात. पण पायऱ्यांपाशी आलं, की आपल्यातले बरेच जण थबकतात. "आपण आत गेलो तर चालेल का हो? कुणी रागावणार तर नाही ना?"

चालतं बरं का! फक्त नमाजाची वेळ सोडून. नमाज दिवसातून पाच वेळा असतो. त्या वेळी पर्यटकांनी आत जायचं नाही. शुक्रवारी दुपारी तर मोठा सामुदायिक नमाज असतो, म्हणून ती वेळ टाळा.

आता तयारी. देवळात काढतो तशाच चपला दारात काढायच्या. हात-पाय झाकतील असे कपडे घालायचे. मुलींनी ओढणी जवळ ठेवावी. कधी कधी दारावर अंगावर घालायला झगा देतात. तो मुकाट्याने चढवायचा, लाजायचं नाही! उन्हाळ्यात मोजेही पिशवीत असू द्या. दुपारी तिथली दगडी फरशी अशी तापते, की नाचतच चालावं लागतं!

आत शिरलात, की भलंमोठं अंगण. तिथे एका वेळी सुमारे २५,००० माणसं मावतात. मधोमध हौद आहे. नमाजाआधी हात, तोंड, पाय धुतात, ते इथे. आपल्या मराठीतला 'हौद' हा शब्दही मूळचा अरबीच!

ही मशीद बादशहा शहाजहानने बांधवली. १६५६ साली ती पूर्ण झाली. लाल दगड आणि पांढरा संगमरवर वापरलेला दिसेल. मुख्य दालन पश्चिमेला का, सांगा पाहू? नमाज मक्केकडे तोंड करून पढतात, आणि मक्का आपल्या पश्चिमेला आहे. दालनात मूर्ती नाही, चित्र नाही. फरशीवर मात्र काळ्या-पांढऱ्या संगमरवरात चटयांसारखे चौकोन आखलेले आहेत. एका चौकोनात एक माणूस. कुणी नमाज पढत असेल, तर त्याच्या समोरून जाऊ नका आणि त्याचा फोटो काढू नका.

आता इथलीच एक खरी गोष्ट ऐका. १९१९ साल. खटला न चालवता माणसाला तुरुंगात डांबता येईल, असा रौलट कायदा इंग्रज सरकारने केला होता. त्याविरुद्ध ३० मार्चला दिल्लीत हरताळ पडला. गोळीबार झाला. त्यात हिंदू मेले, मुसलमानही मेले. ४ एप्रिलला याच मशिदीत हजारो लोक जमले आणि त्यांनी भाषणाला कुणाला बोलावलं, ठाऊक आहे? स्वामी श्रद्धानंदांना! आर्य समाजाच्या, भगव्या वस्त्रांतल्या संन्याशाला! स्वामीजींनी इथे वेदातला मंत्र म्हटला आणि सगळ्यांनी तो शांतपणे ऐकला.

पुढे दिवस पालटले. भांडणं झाली, मनं दुखावली. पण त्या दिवशी घडलं ते काही पुसलं गेलेलं नाही.

तेव्हा पायऱ्यांपाशी थबकलात, तर हे आठवा. मित्राच्या घरी जाताना आपण काय करतो? वेळ बघतो, चपला काढतो, घरच्यांच्या रीतीने वागतो. मशिदीतही तेवढंच करायचं. मग चढणार ना पायऱ्या?