गल्ला भरलेला, गोदाम रिकामे : शेतजमिनीतील पालाशचा हिशेब

आमचा धंदा कापडाचा. नांगर आम्ही कधी धरला नाही. तरीही अवसरी बुद्रुक, मंचर परिसरात व्यापार करणाऱ्याला जमिनीचा विचार करावाच लागतो. लग्नाचा बस्ता उधारीवर जातो आणि ती उधारी बटाटा, कांदा किंवा ऊस निघाल्यावर वसूल होते. पीक बसले की आधी आमची वही थांबते, मग शिंप्याची, सुताराची आणि लोहाराची. म्हणून आज खताविषयी, त्यातही पालाशविषयी लिहीत आहोत.

पिकाला मुख्यतः नत्र, स्फुरद आणि पालाश लागतात. शंभर किलो युरियात ४६ किलो नत्र असते, दुसरे काही नाही. डीएपीत नत्र १८ आणि स्फुरद ४६ टक्के. पालाश मुळीच नाही. पालाश मिळतो तो पोटॅशच्या गोणीतून (५० किलोत ३० किलो) किंवा १०:२६:२६ सारख्या मिश्र खतातून. पालाशमुळे बटाटा पोसतो, उसात साखर भरते, पीक पाण्याचा ताण सोसते. तो कमी पडला तर जुन्या पानांच्या कडा करपतात आणि माल बारीक निघतो.

आपल्या काळ्या जमिनीत पालाश भरपूर, तो विकत कशाला घ्यायचा, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. हे अर्धेच खरे आहे. दुकानाचा दाखला घ्या. मातीच्या ओलाव्यात विरघळलेला व कणांना वरवर चिकटलेला पालाश म्हणजे गल्ला. पीक त्यातून लगेच उचल करते. पण एकूण साठ्यात तो शंभरात एक-दोन भागच असतो. चिकणमातीच्या थरांत अडकलेला पालाश म्हणजे गोदाम. गल्ला उतरला की तेथून हळूहळू भरणा होतो. बाकीचा खनिजात बंद असतो आणि सुटायला फार काळ घेतो.

नेहमीच्या माती परीक्षणात मोजला जातो तो गल्ला. गोदामातून भरणा चालू असेपर्यंत अहवालात ‘भरपूर’ असेच येते. गोदाम किती उतरले ते त्यात दिसत नाही.

हे समजायला एक-दोन हंगाम पुरत नाहीत. म्हणून इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथे १८४३ पासून एकाच शेतावर खतांचे प्रयोग चालू आहेत. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० मध्ये देशात अनेक ठिकाणी असे दीर्घकालीन प्रयोग सुरू केले. आपल्या राज्यात अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात काळ्या जमिनीवर ज्वारी-गव्हाचा असा प्रयोग झाला. निष्कर्ष सरळ आहे. वर्षानुवर्षे नुसते नत्र, किंवा नत्र व स्फुरद दिले तर जमिनीतील पालाश घटतो. तिन्ही खतांबरोबर शेणखत दिले तेथे तो सर्वांत चांगला टिकला.

नवल वाटेल, पण युरिया पालाश खात नाही. युरियाने पीक जोमाने वाढते आणि तेच जास्त पालाश ओढते. विक्री वाढली, पण नवा माल भरलाच नाही, अशातला हा प्रकार. बटाटा आणि ऊस तर नत्रापेक्षाही जास्त पालाश उचलतात. डिंभे धरणाच्या पाण्याने तालुक्यात पिके वाढली, तशी ही उचलही वाढली.

यात किमतीचाही दोष आहे. २०१० पासून पोटॅशला ठरावीक अनुदान मिळते आणि बाजारभावाची झळ शेतकऱ्याला बसते. माल जवळजवळ सगळा परदेशातून येतो. २०२२ मध्ये पोटॅशची गोणी सतराशे रुपयांपर्यंत गेली, तर युरियाची ४५ किलोची गोणी पावणेतीनशेच्या आतच राहिली. अडचणीतला शेतकरी काय उचलेल, हे सांगायला नको.

उपाय आवाक्यातले आहेत. पीक निघाल्यावर, खत टाकण्यापूर्वी, शेतात आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीची माती एकत्र करून तपासावी. बांध व उकिरड्याजवळची माती घेऊ नये. दर दोन-तीन वर्षांनी अहवाल ताडून पाहावा. आकडा उतरत असेल तर ‘भरपूर’ या शब्दावर विसंबू नये. उसाचे पाचट जाळू नये, शेतातच कुजवावे. बहुतेक पिकांचा पालाश दाण्यापेक्षा ताटात जास्त असतो. ज्वारीचा कडबा जनावर खाते, म्हणून त्याचे शेण व गोमूत्र शेतात परत जावे. मळीपासून तयार होणारे पोटॅशही २०२१ पासून अनुदानाच्या यादीत आहे. त्यात किमान साडेचौदा टक्के पालाश असतो.

व्यापारी बांधवांना एवढेच सांगणे. उधारी देताना आपण गिऱ्हाईकाची पत पाहतो. दुकानात बसलेल्या शेतकऱ्याला कधी त्याच्या जमिनीची पतही विचारावी. माती तपासली का, पालाश किती आला, मागच्या वेळी किती होता? त्याच्या जमिनीचे भांडवल शाबूत राहिले, तरच आपल्या वहीतली येणी वसूल होतील.