लेबलवरची लता

१९४९ साली ‘महल’ आला तेव्हा झोपाळ्यावरच्या मधुबालाच्या तोंडी असलेलं त्यातलं गाणं देशभर गाजलं, पण ते गाजवणारा आवाज कुणाचा हे रेकॉर्डवरून कळायला मार्ग नव्हता. लेबलवर गायिकेचं नाव होतं ‘कामिनी’, म्हणजे मधुबालाच्या भूमिकेचं नाव. श्रोत्यांनी आकाशवाणीकडे विचारणा केली, आकाशवाणीनं रेकॉर्ड कंपनीला विचारलं आणि मग लता मंगेशकर हे नाव हवेवर आलं. हा किस्सा मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. आपण तो सांगतो एका गायिकेच्या उदयाचा म्हणून. रेकॉर्ड जमवणाऱ्याला त्यात वेगळंच काही दिसतं. त्या काळी पार्श्वगायकाला श्रेय देण्याची रीत किती कच्ची होती याचा छापील पुरावा म्हणजे ‘कामिनी’ लिहिलेला तो कागदाचा गोल तुकडा. नंतरच्या लेबलांवर लताबाईंचं नाव आलं, म्हणून तर आधीचं लेबल मोलाचं. लताबाईंच्या रेकॉर्डी, गाण्यांची पुस्तकं, कात्रणं जमवणाऱ्यांना आपण कौतुकानं ‘लतावेडे’ म्हणून मोकळे होतो. या छंदात भक्ती आहेच, मात्र त्याचं खरं मोल हिशेबात आहे. कीर्तीला जिथे कुणी हिशेब विचारत नाही, तिथे तो याच मंडळींनी विचारला.

याचा सर्वांत ठसठशीत दाखला गिनेस बुकाच्या आकड्याचा. १९७४ च्या आवृत्तीत लताबाईंच्या नावावर १९४८ पासूनची किमान २५,००० ध्वनिमुद्रित गाणी मांडली गेली. महंमद रफींनी हरकत घेतली, आपली गाणी त्याहून जास्त आहेत असं त्यांचं म्हणणं होतं. १९८४ च्या आवृत्तीत लताबाईंच्या विक्रमाशेजारी रफींचा २८,००० चा दावाही छापला गेला. १९९१ मध्ये नोंदच गाळली गेली. या भांडणात दोन्ही बाजूंच्या चाहत्यांनी वर्षानुवर्षं घसा कोरडा केला, पण साधा गुणाकार फारसा कुणी केला नाही. सव्वीस वर्षांत पंचवीस हजार म्हणजे वर्षाला साडेनऊशेहून अधिक, म्हणजे सणवार, आजारपण, परदेशवाऱ्या काहीही न वगळता रोज अडीच गाणी. पन्नास-साठच्या दशकांत हिंदी चित्रपट निघत वर्षाला शे-सव्वाशे, एकेकात सरासरी आठ गाणी. तेव्हा हा आकडा खरा मानायचा तर रफी, मुकेश, गीता दत्त, आशा यांनी त्या काळात जवळजवळ काहीच गायलं नाही असं तरी म्हणावं लागेल, किंवा हिंदीबाहेरच्या भाषांत लताबाईंनी हजारो गाणी गायली असं तरी.

गुणाकारानं शंका येते, निकाल लागत नाही. तो लावला सूचीकारांनी. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी ‘हिंदी फिल्म गीत कोश’ रचताना १९३१ पासूनचा एकेक बोलपट घेऊन गाणं, गायक, गीतकार, रेकॉर्ड क्रमांक अशी नोंद केली. विश्वास नेरूरकरांनी ‘गंधार’मध्ये केवळ लताबाईंच्या गाण्यांची सूची केली. अशी मोजदाद झाल्यावर हिंदी चित्रपटगीतं पाच हजारांच्या थोडी पुढे जाऊन थांबतात. मराठी, बंगाली आणि इतर भाषा, गैरफिल्मी गीतं, भजनं सगळी जमेस धरली तरी पंचवीस हजारांच्या निम्म्यावरही मजल जात नाही. गंमत अशी की हा आकडा खाली आणणारे लताबाईंचे विरोधक नव्हते, त्यांच्यावर जीव टाकणारेच होते. चाहत्याची मोजणी पक्षपाती असणार हा आक्षेप इथे उलटा पडतो. त्यांना जे सापडायला हवं होतं त्याच्या उलट सापडलं, आणि त्यांनी ते छापलं.

ही मोजदाद कशाच्या आधारावर होते ते जवळून पाहण्यासारखं आहे. दहा इंची ७८ आरपीएमची लाखेची रेकॉर्ड, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. लेबलवर कंपनीचं चिन्ह (एचएमव्हीचं म्हणजे भोंग्यापुढे कान देऊन बसलेला कुत्रा), चित्रपटाचं नाव, गायक, आणि एक क्रमांक. एचएमव्हीचा असेल तर आधी ‘एन’, कोलंबियाचा असेल तर ‘जीई’. याखेरीज शेवटची खाच आणि लेबल यांच्या मधल्या गुळगुळीत पट्ट्यात मॅट्रिक्स नंबर कोरलेला असतो. तो वाचायला रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरावी लागते. लेबल पुन्हा छापताना बदलतं. मॅट्रिक्स नंबर मूळ ध्वनिमुद्रणाशी बांधलेला असतो. त्यामुळे एकच गाणं दोन क्रमांकांखाली निघालं की दोनदा गायलं गेलं, याचा उलगडा तिथे होतो. गाणी मोजताना फुगवटा शिरतो तो बहुधा अशाच जागी. तेच गाणं ७८ वर, मग चार गाण्यांच्या ईपीवर, मग एलपीवर, मग पाच-सहा संकलनांत, आणि प्रत्येक वेळी ते नवं धरलं जातं.

लेबल म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हा आक्षेप मात्र रास्त आहे. ‘कामिनी’नं ते १९४९ मध्येच दाखवून दिलं. साठच्या दशकात मराठी चित्रपटांच्या रेकॉर्डींवर संगीतकार म्हणून झळकलेले ‘आनंदघन’ म्हणजे खुद्द लताबाई, हे लेबल वाचून कुणाला कळणार? ‘साधी माणसं’ला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा ते जगजाहीर झालं. सुमन कल्याणपूर यांची कितीतरी गाणी ऐकणारे आजही लताबाईंची समजतात. रॉयल्टीच्या वादातून लता-रफी एकत्र गात नव्हते त्या काळातली रफी-सुमन द्वंद्वगीतं तर हमखास. म्हणूनच एका लेबलावर भिस्त न ठेवता त्याच्याशी चित्रपटाची श्रेयनामावली, कंपनीची मासिक यादी आणि थिएटरबाहेर आण्या-दोन आण्यांना मिळणारं गाण्यांचं पुस्तक ताडून पाहावं लागतं. स्मृतिचिन्हांच्या बाजारात सही केलेल्या फोटोला भाव येतो आणि पिवळं पडलेलं हे पुस्तक रद्दीत जातं. माझ्या मते ही उतरंड उलटी आहे. फोटो फार तर भेट झाल्याचं सांगतो. पुस्तकात मात्र पडद्यावर न आलेलं गाणंही कधीकधी छापलेलं सापडतं.

मग लोक विचारतात, आता सगळं यूट्यूबवर आहे, कारवाँच्या डब्यात पाच हजार गाणी आयती मिळतात, हा पसारा कशाला? ऐकण्यापुरतं बोलायचं तर प्रश्न बिनतोड आहे. पण तिथे जे मिळतं ते बहुधा साफसूफ केलेलं, कधी मधलं वाद्यसंगीत कापलेलं, आणि कॅसेटच्या जमान्यातला झंकार बीट्सचा ठेका वरून चढवलेला असेल तर विचारूच नका. साल चुकलेलं, गीतकार गायब. शिवाय चाळीसच्या दशकातल्या कितीतरी चित्रपटांच्या प्रती आज उरलेल्याच नाहीत; त्यांच्या गाण्यांचं अस्तित्व रेकॉर्डपुरतंच आहे. आणि जे रेकॉर्डवर आलंच नाही ते गेलं. १९४२ च्या ‘किती हसाल’साठी लताबाईंनी गायलेलं गाणं चित्रपटातून वगळलं गेलं, आणि आज त्याबद्दल केवळ वाचायला मिळतं. उलट ‘पाकीज़ा’तून गळलेली गुलाम महंमद यांची गाणी १९७७ मध्ये ‘पाकीज़ा रंग बरंग’ या एलपीवर आली, म्हणून संगीतकाराच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी का होईना ती ऐकता आली.

संग्राहकांवरचा एक आरोप मात्र मला खोडता येत नाही. दुर्मीळ रेकॉर्ड कपाटात कोंडायची, दुसऱ्याला तिचा क्रमांकही सांगायचा नाही, अशी वृत्ती या छंदात आहे आणि भाव वाढले तशी ती वाढली. अशा माणसाला मी संग्राहक न म्हणता गोदामवाला म्हणेन. लताबाईंच्या जन्मगावी, इंदूरला, शहरालगत पिगडंबरला त्यांच्या नावाचं ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय एका संग्राहकानंच उभं केलं, हे त्याच्या बरोब्बर विरुद्ध टोक. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात १९६४ पासून चित्रपटांबरोबर त्यांची पुस्तकं, पोस्टरंही जपली जातात. घरोघरच्या संग्रहांचं काय होतं ते रद्दीवाले जाणतात: मालक गेला की मुलं फ्लॅट रिकामा करतात आणि लाखेच्या रेकॉर्डी वजनावर उचलल्या जातात, त्यातल्या अर्ध्या जिन्यातच फुटतात. रेकॉर्ड देववत नसेल तर निदान लेबलाचा आणि मॅट्रिक्स नंबराचा फोटो तरी सूचीकारांच्या हाती द्यावा. त्याला मोबाइल पुरतो.