चौसष्ट ते पासष्ट हजार

एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवणारं क्यूईएमयू फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये लोकांपुढे आणलं. २०११ मध्ये त्यात कोरूटीन्स आली. डिस्ककडून उत्तर येईपर्यंत थांबायचं, तोवर दुसऱ्या कामाला वाट द्यायची आणि उत्तर आलं की थांबलो तिथूनच पुढे निघायचं, असा हा प्रकार. प्रत्येक कोरूटीनला १ एमबीचा स्वतःचा स्टॅक लागतो. तो दर वेळी मागण्या-परतवण्यात वेळ जातो, म्हणून काम संपलेली कोरूटीन्स पूलमध्ये राखून ठेवायची पद्धत पडली. पूल ६४ चा होता.

हा आकडा बरीच वर्षं टिकला. मग आभासी डिस्कच्या रांगा लांबल्या, रांगांची संख्याही वाढली, आणि ६४ पुरेनात. जपानच्या हिरोकी नारुकावा यांनी रांगांच्या हिशोबानं पूल वाढवणारा बदल दिला. एप्रिल २०२२ च्या ७.० आवृत्तीत तो आला. मागणी रास्त होती. घोळ झाला तो दुसरीकडे.

पूलमध्ये किमान एवढी कोरूटीन्स जमली तरच ती पुन्हा वापरायला काढायची, असा आणखी एक आकडा आत होता. कमाल मर्यादेबरोबर तोही वाढला! मोठ्या मशीनवर तो हजारोंत जाई, आणि तेवढी गर्दी जमेपर्यंत पूलमधल्या कोरूटीन्सना कुणी हात लावत नसे. नवीनच घडवली जात. १७६० च्या हिवाळ्यात पानिपतला भाऊसाहेबांच्या छावणीत लढवय्यांपेक्षा बुणगे जास्त होते आणि रसद मात्र सगळ्यांनाच लागे. इथेही तेच.

पण रसद म्हणजे नेमकं काय? मेमरी, असं कुणीही म्हणेल. १ एमबी हा कागदावरचा आकडा आहे. लिनक्स स्टॅकची जेवढी पानं खरोखर वापरली जातात तेवढीच मेमरी देतं. टंचाई पडली ती वेगळ्याच गोष्टीची. एका प्रक्रियेला मेमरीचे किती स्वतंत्र तुकडे नोंदवता येतात यावर लिनक्सची मर्यादा असते, सहसा ६५,५३०. एक कोरूटीन दोन तुकडे खातं: एक स्टॅकचा, दुसरा त्याच्या राखणीला ठेवलेल्या गार्ड पेजचा. म्हणजे बत्तीस हजारांच्या आसपास कोठार रिकामं. मशीनमध्ये मेमरी मुबलक असताना ‘स्टॅकसाठी मेमरी मिळाली नाही’ असं सांगून क्यूईएमयू कोसळायचं. हा संदेश वाचून कुणी रॅम वाढवली असेल, तर त्याला दोष देता येणार नाही.

केव्हिन वोल्फ यांनी मे २०२२ मध्ये तो किमान आकडा पुन्हा स्थिर केला. तेवढ्यानं भागलं नाही, कारण पूल प्रत्येक थ्रेडचा वेगळा होता. एकाकडे हजारोंचा साठा, शेजारच्याकडे शून्य. अखेर स्टेफान हाइनोत्सी यांनी रचनाच बदलली: थ्रेडकडे थोडाच साठा, बाकी सगळा सामाईक पूलमध्ये, देवघेव गठ्ठ्यानं. सामाईक पूलची कमाल लिनक्सच्या मर्यादेवरून ठरते, आणि त्यातले ५,००० तुकडे इतर कामांसाठी आधीच बाजूला काढलेले असतात. एप्रिल २०२४ च्या ९.० आवृत्तीपासून ही व्यवस्था आहे. माझ्या मते २०२२ च्या दुरुस्तीपेक्षा हीच खरी, कारण आधीच्या प्रत्येक आकड्यानं फक्त डिस्कची गरज पाहिली होती, कोठाराची नाही. जुन्या आवृत्तीवर मोठी मशीन चालवणाऱ्यानं रॅमच्या आलेखाबरोबर क्यूईएमयूच्या प्रक्रियेच्या मॅप्स फाइलमधल्या, म्हणजे तिच्या तुकड्यांच्या यादीतल्या, ओळीही मोजाव्यात.