पाठपुराव्याची बातमी

छत्रपती संभाजीनगरात पत्रकारितेचा विषय निघाला की जुनी माणसं अजूनही 'मराठवाडा'चं नाव काढतात. दैनिक बंद पडलं त्याला बराच काळ लोटला. आज शहरातून निघणारी मराठी दैनिकं त्याच्यापेक्षा देखणी छापली जातात, पानंही जास्त. तरी आठवण त्याचीच, आणि ती निव्वळ स्मरणरंजन नाही.

1930च्या दशकात आ. कृ. वाघमारे यांनी हैदराबादेत हे पत्र साप्ताहिक म्हणून काढलं. निजामाच्या राज्यात मराठीतून राजकारण लिहायचं म्हणजे बंदी ठरलेली. बंदी आली की वाघमारे नाव बदलून अंक काढत. हैदराबाद मुक्त झाल्यावर पत्र औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, आलं आणि 1950च्या दशकात अनंत भालेराव संपादक झाले. भालेराव वैजापूर तालुक्यातले, मुक्तिसंग्रामातले. पुढे आणीबाणीतही तुरुंगात गेले. दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी हे पत्र चालवलं.

त्यांचं वैशिष्ट्य अग्रलेखांच्या भाषेत होतंच, पण माझ्या मते खरी ताकद चिकाटीत होती. रेल्वेचा ब्रॉडगेज, सिंचन, उद्योग, विकासाचा अनुशेष हे विषय 'मराठवाडा'ने वर्षानुवर्षं खाली ठेवले नाहीत. मनमाड–औरंगाबाद मार्गावर ब्रॉडगेज यायला 1990चं दशक उजाडलं, म्हणजे एका मागणीमागे किती वर्षं लागावं लागतं ते बघा. 1974च्या मराठवाडा विकास आंदोलनात तर पत्र आणि चळवळ यांच्यातली रेघ पुसट झाली होती.

तीच गोष्ट पुढे अडचणीची ठरली. 1978 साली मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, प्रदेशात दलित वस्त्या पेटल्या, आणि मुक्तिसंग्रामातले नेते गोविंदभाई श्रॉफ यांच्याप्रमाणे भालेरावही नामांतराच्या विरोधात उभे राहिले. विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला 1994 उजाडलं. साऱ्या प्रदेशाच्या वतीने बोलणाऱ्या पत्राला आपल्याच प्रदेशातला एक मोठा समाज काय म्हणतोय हे ऐकू आलं नाही. भालेरावांवरच्या गौरवलेखांत हे पान घाईने उलटलं जातं; ते उलटू नये.

1982च्या जानेवारीत 'लोकमत'ची आवृत्ती इथे सुरू झाली आणि धंद्याचं गणित बदललं. तालुक्याच्या बातम्या, फोटो, गावोगावचे वार्ताहर. ज्यांचं नाव कधी छापून आलं नव्हतं त्यांचं येऊ लागलं, आणि हे काही कमी नव्हतं. 2011 साली 'दिव्य मराठी' आलं, स्पर्धा आणखी वाढली.

त्या स्पर्धेतून जे उरलं त्यात एक दुखणं आहे. तालुक्याच्या वार्ताहराला बातमीचं मानधन नावापुरतं. त्याचं घर चालतं जाहिरातीच्या कमिशनवर. नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी भरायची ती त्यानेच, आणि त्याच नेत्याच्या साखर कारखान्याने थकवलेल्या ऊसबिलाची बातमी द्यायची तीही त्यानेच. 2009च्या निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांनी महाराष्ट्रातल्या पेड न्यूजचा प्रकार उघड केला, तेव्हा सगळा दोष मालकांवर गेला. पण मुळाशी हा कमिशनचा व्यवहार आहे, आणि तो बदलल्याशिवाय नीतिमत्तेची व्याख्यानं वाया जाणार.

आता पाठपुरावा मागणारा शहराचा आजचा प्रश्न: पाणी. जायकवाडीचं धरण शहरापासून साधारण पन्नास किलोमीटरवर आणि नळाला पाणी कित्येक दिवसांनी एकदा. 2020 साली 1,680 कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं. खर्च पुढे 2,740 कोटींवर गेला, आणि उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला कामावर लक्ष ठेवावं लागलं. याच काळात, एप्रिल 2020पासून, महापालिकेत नगरसेवकच नव्हते. प्रशासक कारभार पाहत होते. सर्वसाधारण सभा नाही, म्हणजे वार्ताहराला बसायला जागा नाही, प्रश्न विचारणारं कुणी नाही. अशा वेळी प्रेसनोट टाइप करणारा आणि वॉर्डात जाऊन व्हॉल्व्हमनला विचारणारा यांच्यातला फरक वाचकाला लगेच कळतो.

मोबाइलवर पीडीएफ अंक फुकट फिरतो, बातमी काल संध्याकाळीच व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन गेलेली असते. सकाळच्या अंकाने तीच पुन्हा छापून काय साधणार? त्याऐवजी कुठल्या वसाहतीत पाणी किती दिवसांनी आलं, किती वेळ टिकलं, टँकर कुणाचा, याची नोंद रोज त्याच जागी छापावी. वर्षभराने ती नोंद अभियंत्यासमोर, न्यायालयासमोर ठेवता येईल. माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज आणि वॉर्डावर नेमलेला एक वार्ताहर, याहून फार भांडवल लागत नाही.

आणखी एक गोष्ट शहराच्या हाताशीच आहे. इथे उर्दू दैनिकंही निघतात. जुन्या शहरातल्या गल्ल्यांचं, तिथल्या शाळांचं आणि गटारांचं जे त्यांच्यात छापलं जातं ते मराठी अंकात क्वचित येतं, आणि सिडकोच्या नव्या वसाहतींतलं तिकडे क्वचित जातं. जलवाहिनी मात्र दोन्हीकडे एकच. दोन डेस्कांनी मिळून एका प्रश्नाचा पाठपुरावा करायचा ठरवला तर अडवणार कोण? मालकांची चढाओढ, एवढंच उत्तर मला सुचतं. आणि ती चढाओढ वाचकाच्या नळाला थेंबभरही पाणी आणत नाही.