पिनेच्या माथ्यावरची खाच

जबलपूरच्या चेरीतालमध्ये वाढलेल्या माणसाला लष्करी माल नवा नसतो. नात्यागोत्यात कुणी ना कुणी गन कॅरेज फॅक्टरीत (जीसीएफ), खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात नाहीतर व्हेइकल फॅक्टरीत (व्हीएफजे) असतोच. सुरुंगाचा स्फोट झेलणाऱ्या गाड्याही याच व्हीएफजेमध्ये बनल्या. पण असा माल वापरणारे सॅपर, म्हणजे लष्करातले अभियंते, प्रत्यक्ष काम करताना मी पाहिले ते पुण्यात, दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये.

त्या सकाळी बेली पूल उभा करायचा होता. डोनाल्ड बेली या इंग्रज अभियंत्याने तो दुसऱ्या महायुद्धात आखला. एक पॅनल दहा फूट लांब, वजन सुमारे २६० किलो. दांडे घालून सहा जण तो उचलतात. मित्रदेशांतून शिकायला आलेले अधिकारीही दांड्यांना लागले होते. सुरुवातीला पावलं जुळेनात. उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, मोठ्याने आकडे मोजू लागले, तशी चाल एक झाली.

दोन पॅनलांची भोकं समोरासमोर आली की पोलादी पिन ठोकायची. पिनेच्या माथ्यावर एक खाच असते. ती आडवी, पॅनलच्या कडेला समांतर हवी. तिरकी राहिली तर दुसऱ्या टोकाला क्लिप बसायला अडचण येते. उस्ताद काही न बोलता चुकलेल्या खाचेवर बोट ठेवत आणि पुढे सरकत. कुठल्याही देशाच्या माणसाला तेवढं पुरत होतं.

मग पूल रेटायचा. पुढे रिकाम्या सांगाड्याचं 'नाक' जोडतात आणि सगळा डोलारा रोलरवरून ढकलतात. नाक पलीकडे टेकेपर्यंत भार अलीकडच्या काठावरच राहिला पाहिजे, नाहीतर पूल खड्ड्यात कोसळेल. सगळ्यांचे डोळे त्या रोलरवर खिळलेले होते.

आता यंत्राने टाकायचे पूलही आहेत. दिघीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने घडवलेला 'सर्वत्र' पूल हायड्रॉलिकवर उलगडतो. टाट्रा ट्रकांवरचे १५ मीटरचे पाच तुकडे, मिळून ७५ मीटर. माणसं कमी लागतात, वेळही. तरी बेली शिकवणं थांबलेलं नाही आणि थांबूही नये. 'सर्वत्र'चा ट्रक काठाशी यावा लागतो; बेलीचे तुकडे शेवटच्या टप्प्यात माणसांच्या हातांनीही जातात. २०२४ साली वायनाडमध्ये दरड कोसळल्यावर मद्रास सॅपर्सनी १९० फुटांचा बेली पूल १ ऑगस्टला पुरा केला. त्या तुकडीत पारनेर तालुक्यातल्या मेजर सीता शेळके होत्या.

सुरुंगांचंही तसंच: यंत्र आलं तरी हाताचं काम सुटत नाही. मार्च २०१६ मध्ये पुण्यात औंधला 'फोर्स १८' सराव झाला, तेव्हा आसियान आणि त्याचे भागीदार असे १८ देश सुरुंग काढण्याच्या आणि शांतिसेनेच्या कामासाठी एकत्र आले होते. डिटेक्टर आवाज देतो, पण खाली सुरुंग आहे की गंजका खिळा, हे कळायला सळई जमिनीत तिरकी, हळूच सरकवावीच लागते. बॉम्बे सॅपर्सच्या रामा राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८ मध्ये राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग गोळीबारात काढले आणि रणगाड्यांना वाट करून दिली. परमवीर चक्र त्यांना त्यासाठीच मिळालं.