कारखाने दाराशी, पदवीधर घरी

मुंबईहून डहाणूकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील बोईसर स्थानकापासून पश्चिमेकडे निघालेला रस्ता तारापूर औद्योगिक वसाहत मागे टाकीत नवापूर या किनाऱ्यावरील गावी पोचतो. (नंदुरबार जिल्ह्यातील तालुक्याचे गाव नवापूर ते निराळे.) गावाच्या उत्तरेस, याच किनाऱ्यावर, तारापूर अणुवीज केंद्र आहे. देशातील पहिली अणुवीज १९६९ साली येथेच निर्माण झाली. औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड, पोलाद असे नाना प्रकारचे कारखाने उभे राहिले. असे असूनही या पट्ट्यातील बी. ए., बी. कॉम. झालेला तरुण अर्ज भरीत घरी बसलेला आढळतो. कारखाने दाराशी असताना असे का व्हावे?

शिक्षण नाही म्हणून काम नाही, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. आकडे नेमके उलट बोलतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सहकार्याने २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतविषयक रोजगार अहवालानुसार, २०२२ मध्ये १५ ते २९ या वयोगटातील पदवीधरांत बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के होते. ज्यांना लिहिता-वाचताही येत नाही त्यांच्यात ते अवघे ३.४ टक्के होते. याचा अर्थ निरक्षराला चांगले काम मिळते असा मुळीच नव्हे. त्याला बेकार राहणे परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. हाती पडेल ते काम, पडेल त्या मजुरीवर, तो पत्करतो. पदवीधर थांबू शकतो, कारण घर त्याला काही काळ पोसते.

या थांबण्याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. भारतातील पदवीधरांच्या बेकारीची कारणे याच विषयावर ब्लाउग, लेयार्ड आणि वुडहॉल या तीन अर्थशास्त्रज्ञांचा ग्रंथ १९६९ मध्ये, म्हणजे तारापूरची वीज सुरू झाली त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. पदवीनंतर काही काळ रिकामा गेला तरी पुढील आयुष्यातील मिळकत पाहता पदवी घेणे कुटुंबाच्या दृष्टीने किफायतशीरच ठरते, असा त्यांचा हिशेब होता. म्हणूनच बेकारी वाढली तरी महाविद्यालयांतील गर्दी ओसरत नाही. तारापूर परिसरात हा हिशेब डोळ्यांना दिसतो. एकीकडे कायम नोकरी : नियमित वेतनश्रेणी, राहण्यास वसाहतीत घर, औषधोपचाराची सोय. दुसरीकडे कंत्राटदाराच्या हजेरीपटावरील रोजंदारी, जिची पुढच्या महिन्याची शाश्वती नाही. या दोहोंमध्ये मधली पायरी जवळजवळ नाहीच. एकदा मदतनीस म्हणून पाळीत अडकले की स्पर्धा परीक्षेचा अभ्यास संपला, असे तरुणाला वाटते आणि त्याचे वाटणे अगदीच निराधार नाही. तो वयोमर्यादा उलटेपर्यंत थांबतो.

दरम्यान पदवीचे मोल उतरत जाते. पूर्वी मॅट्रिक झालेल्यास मिळणाऱ्या जागेसाठी पदवीधर अर्ज करतात, म्हणून पदवीधराला पदव्युत्तर पदवी घ्यावीशी वाटते. रोनाल्ड डोर यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात या चढाओढीला पदव्यांचा रोग म्हटले. श्रीलंकेत १९७१ मध्ये शिकलेल्या तरुणांचा सशस्त्र उठाव झाला. त्याच वर्षी तेथे गेलेल्या, डडली सीअर्स यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासगटाला शाळांनी वाढविलेल्या अपेक्षा आणि प्रत्यक्षातील नोकऱ्या यांतील अंतर हेच मुख्य दुखणे दिसले होते.

उद्योगांचे स्वरूपही ध्यानात घेतले पाहिजे. अणुवीज केंद्रात भांडवल अफाट लागते, माणसे त्या मानाने थोडी. प्रत्येकी ५४० मेगावॉटचे दोन नवे संच २००५ व २००६ मध्ये कार्यान्वित झाले. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे हलवावी लागली. रसायनांचे कारखाने तिन्ही पाळ्यांत अखंड चालतात. त्यांना हवा असतो यंत्रचालक, प्रमाणपत्रधारक बॉयलर अटेंडंट, फिटर, वायरमन, मापन-उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर आणि प्रयोगशाळेत नमुने तपासणारा रसायनशास्त्राचा पदवीधर. कला शाखेच्या पदवीधराला उरते ते टाइम ऑफिस किंवा भांडार, आणि तेथे खुर्च्या मोजक्याच. याचा दोष इतिहास वा मराठी या विषयांवर टाकणे सोपे आहे, पण योग्य नाही. शेजारचा कारखाना कोणत्या कामासाठी कोणाला घेतो, हे त्या विद्यार्थ्याला वेळेवर कोणी सांगितलेले नसते.

नवापूरच्या बाबतीत प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. नोकरी मिळेपर्यंत पदवीधराला पोसणारे किनाऱ्यावरील घर मासेमारीवर किंवा शेतीवर उभे असते. औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी वाहिनीतून नवापूरच्या समुद्रात सोडले जाते आणि प्रदूषणाविषयीची मच्छीमारांची तक्रार २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेली. जाळ्यात मासळी कमी आली की थांबण्याची ऐपत घटते. त्याच वेळी, मुलाने होडीवर न जाता नोकरीच करावी, हा घरच्यांचा आग्रह मात्र वाढतो. पदवीची ओढ आणि पदवीधराची अडचण अशा रीतीने एकाच कारणातून बळावतात.

महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात व्यापक केलेल्या रोजगार हमी योजनेने लाखो हातांना काम दिले. पण ते अंगमेहनतीचे काम होते, पदवीधरांच्या बेकारीवरील तो उपाय नव्हता. त्यांच्यासाठी अधिक उपयोगी ठरू शकतो तो १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा. २०१४ च्या दुरुस्तीनंतर तांत्रिक नसलेल्या शाखांच्या पदवीधरांनाही त्याचा लाभ घेता येतो. राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णास दरमहा ६,००० रुपये, आय. टी. आय. वा पदविकाधारकास ८,००० रुपये आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठरविण्यात आले. येथेही पदवी कारागिरीच्या वरच्या पायरीवर आहे. बॉयलरपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाची गरज लक्षात घेता ही उतरंड पुन्हा तपासून पाहण्यासारखी आहे.

रासायनिक संयंत्र चालविण्याचा दोन वर्षांचा व्यवसाय अभ्यासक्रम औद्योगिक प्रशिक्षण संस्थांसाठी ठरविलेला आहे. दहावीनंतर तो घेता येतो. बोईसर-नवापूर भागातील दहावीच्या वर्गांना एक दिवस औद्योगिक वसाहतीत नेऊन तेथील कामे, त्यांना लागणारी प्रमाणपत्रे आणि मिळणारे वेतन यांची माहिती करून देण्यास नव्या योजनेची वाट पाहावी लागणार नाही. शाळेने पत्र द्यावे आणि कारखान्याने दार उघडावे, इतके पुरेल.