आधी फोटो, मग हातोडी!

जिऑलॉजीच्या फील्ड ट्रिपला गेलात आणि खडकात काहीतरी ‘भारी’ दिसलं, तर तुम्ही काय करता? शेजारी हातोडी ठेवून एक फोटो, मग ग्रुपचा सेल्फी, झालं! पण पुढच्या पावसाळ्यात तो थरच वाहून गेला तर? एका फोटोवरून ठशाची खोली सांगता येईल? नाहीच.

म्हणून हल्ली जीवाश्मांच्या जागी फोटोग्रामेट्री वापरतात. नाव जड असलं तरी कल्पना साधी. एकाच गोष्टीचे वेगवेगळ्या कोनांतून भरपूर फोटो काढायचे. अनेक फोटोंत दिसणारा तोच बिंदू सॉफ्टवेअर हुडकतं, प्रत्येक वेळी कॅमेरा कुठे होता याचं गणित मांडतं आणि थ्रीडी मॉडेल उभं करतं.

याचा खरा कस लागला तो टेक्सासमध्ये. तिथल्या पॅलक्सी नदीच्या पात्रात लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरची पावलं आहेत आणि त्यांच्या सोबतीने मांसाहारी डायनोसॉरचीही. १९४० मध्ये रोलँड बर्ड यांनी त्यातला एक भाग खणून काढला. तुकडे वेगवेगळ्या संस्थांकडे गेले, आणि या धावपळीत काही भाग हरवला किंवा फुटला. उरले बर्ड यांनी काढलेले नकाशे आणि फोटो. २०१४ मध्ये पीटर फॉल्किंगहॅम आणि सहकाऱ्यांनी ते सत्तरेक वर्षं जुने फोटो सॉफ्टवेअरला दिले, तर खणण्यापूर्वीची जागा स्क्रीनवर पुन्हा उभी राहिली! नकाशे ताडून बघायची सोय झाली. बर्ड यांच्या काळात फील्डवर कॉम्प्युटर कुठला? त्यांनी फक्त फोटो काढायचा आळस केला नाही.

तुम्हाला करून बघायचंय? मोबाइलही चालतो. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून बराच जास्त भाग यायला हवा. झूम करू नका, स्वतः चाला. ढगाळ हवा उत्तम, कारण उन्हात सावल्या सरकतात आणि तुमची स्वतःची सावलीही मधे येते. फोटोत मोजपट्टी हवीच. ती विसरलात तर मॉडेल देखणं होईल, पण पाऊल वीतभर की हातभर, हे त्याला कळणार नाही. मेशरूम हे सॉफ्टवेअर फुकट आहे. लॅपटॉप मात्र तापणार, रात्रभर चालू ठेवायची तयारी ठेवा.

आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा इथे डायनोसॉरचे अवशेष सापडतात, तेही शेतशिवारात. नांगर फिरला की तुकडा जागचा हलतो, आणि तो कुठे, कसा पडला होता ही माहिती गेली ती गेलीच. अशा ठिकाणी गेलात तर शेताच्या मालकाला विचारा, दगड खिशात घालू नका. आणि हो, मॉडेल इन्स्टावर टाकायचं तर खुशाल टाका, पण लोकेशन बंद करून. जीवाश्म विकणारेही इन्स्टावर असतात.